पोटाखालची स्टेपनी

नागपूर, २९ मे

प्रिय दिग्या,

गाडी घेतलीस, झकास केलंस. पेढे नंतर. आधी सांग, तिचा जॅक कुठे ठेवलेला आहे? हसू नको बे. मी तीन वर्षांपासून ही सेकंडहँड गाडी चालवून राहिलो, मलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

आईला रामटेकला नेलं होतं. येताना मनसर सोडलं आणि कन्हानच्या अलीकडे पुढचं डावं चाक बसलं. दुपारचे दोन, नवतपा सुरू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आईला कडुलिंबाखाली बसवून डिकी उघडली. आत दोन चटया, पाण्याची कॅन आणि प्रसादाची पिशवी. स्टेपनीच नाही! गाडी विकणाऱ्याचा मनसोक्त उद्धार केला आणि मग वाकून पाहिलं, तर बाईसाहेब गाडीच्या पोटाखाली लटकलेल्या.

जॅक डिकीच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या झाकणामागे. पाना आणि दांड्या मधल्या सीटखाली, रेक्झिनच्या पिशवीत. आणि हे सगळं चित्रांसकट सांगणारं पुस्तक घरी, कपाटात, जपून ठेवलेलं. मागच्या बंपरच्या वर एक भोक आहे. दांड्या एकमेकींत अडकवून त्यातून आत घालायच्या, खोबण सापडली की उलट्या फिरवायच्या, म्हणजे साखळी सुटते आणि चाक खाली येतं. साखळीच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, ती तिरपी करून रिमच्या मधल्या भोकातून बाहेर काढायची. ही पट्टी निघेना. मी उताणा, पाठीखाली तापलेला मुरूम, आणि वरून आई विचारते, "फोन करून कोणाला बोलवत काऊन नाही?"

मग जॅक लावून गाडी उचलली आणि पाना लावला, तर नटाबरोबर चाकच फिरायला लागलं. तेवढ्यात एक ट्रक थांबला. क्लीनर पोरगा उतरला, अठरा-एकोणीसचा असेल. म्हणाला, "काका, पहिले गाडी खाली घ्या. नट जमिनीवरच ढिले करायचे असतात." मागच्या चाकाला दगड लावला, हँडब्रेक बघितला. पान्याची दांडी डावीकडे आडवी धरली आणि तिच्यावर पाय देऊन दाबलं. कट्ट! मागच्या वेळी टायरवाल्यानं हवेच्या मशीननं आवळले होते, माझ्या हातानं ते जन्मात सुटले नसते. जॅकखाली त्यानं ट्रकमधली लाकडाची फळी सरकवली, नाहीतर तो मुरमात रुतत होता. जॅक लावायची जागाही ठरलेली असते, पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात तिथेच. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो. नवं चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळत गेला, ओळीनं नाही, आणि शेवटचा जोर गाडी खाली घेतल्यावर. पैसे काही घेतले नाहीत. आईनं प्रसाद दिला तो मात्र दोन्ही हातांनी घेतला.

एवढं होऊन स्टेपनीत हवा अठरा! हवी तेहेतीस. पोटाखाली लटकलेल्या चाकाची हवा कोण बघतो? कामठीपर्यंत बैलगाडीसारखा आलो.

तुझी गाडी नवी आहे, तर आधी स्टेपनी आहे का तेच बघ. २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, पंक्चर किट आणि हवा कमी झाल्याचं सांगणारी यंत्रणा असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. खिळ्याचं भोक किटनं बुजतं, पण टायर बाजूनं फाटला तर किट हातात घेऊन नुसतं उभं राहायचं. आणि स्टेपनी बारीक, वेगळ्या मापाची असेल तर तिच्यावर ८० लिहिलेलं असतं. त्याच्या वर पळवायची नाही.

रविवारी पार्किंगमध्ये सावलीत सगळं एकदा बाहेर काढ, एक चाक काढून परत लाव. वहिनी हसतील, हसू दे. इकडे आलास की फळी घेऊन जा. मी सुताराकडून दोन कापून आणल्या आहेत, एक तुझ्या नावाची.

तुझा,
बंड्या