सात जणांसाठी डिझेल कोण घालणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहर वाहतुकीवरचा आपल्या कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा असेल, त्याबद्दल शंका नाही. पण शहरातल्या माणसांना कामावर पोचवणे हे दिल्लीचे काम नव्हे, तोट्यातल्या बससाठी देशभरच्या करदात्याने खिशात हात का घालावा, हा सूर वाचून चहा निवला तरी कप हातातच राहिला. गोव्यात झुवारी नदीवर आठपदरी पूल झाला, तो केंद्राच्याच पैशाने. पर्वरीच्या उड्डाणपुलालाही केंद्राचाच पैसा. तेव्हा हा प्रश्न कोणा विद्वानाला पडल्याचे आठवत नाही. पूल नफ्यात आहे की तोट्यात, असे कोणी विचारत नाही. बसने मात्र दिवस मावळायच्या आत गल्ला भरून दाखवायचा! आणि दिल्लीच्या मेट्रोत केंद्र सरकार निम्म्याचे भागीदार आहे, ते कोणत्या न्यायाने? तिथली माणसे कामावर जातात आणि आमची काय जत्रेला?

लेखकांचा हाच युक्तिवाद मी फोंड्याच्या बसस्थानकावर फार कमी शब्दांत ऐकला आहे. माझी मुलगी पणजीला एका खासगी कचेरीत काम करते. सुटल्यावर जुने गोवे, बाणस्तारी, म्हार्दोळ करत फोंड्याला पोचेपर्यंत आठ वाजतात. पुढे सावईवेऱ्याला यायला शेवटची एक खासगी बस असते, म्हणजे असायची. गेल्या पावसाळ्यात एकदा मीही फोंड्यात होतो म्हणून दोघे मिळून बसमध्ये बसलो. वेळ होऊन गेली तरी गाडी हलेना. कंडक्टर दारात उभा राहून ‘वेरे, वेरे’ ओरडत होता, पण चढायला कोणी उरलेच नव्हते. शेवटी त्याने आत डोके घालून आम्हाला मोजले आणि म्हणाला, ‘‘आज गाडी वचना, देंवात सगळीं. सात जाणांखातीर डिझेल कोण घालतलो?’’

उतरलो. काय करणार? एक म्हातारी होती, बाजारात भाजी विकून रिकाम्या पाट्या घेऊन परतणारी. ती तर उतरायलाच तयार नव्हती. दिवे बंद केल्यावर उतरली. रिक्षावाल्याने चारशे रुपये सांगितले. म्हातारीची दिवसभराची कमाई तरी तेवढी झाली असेल का, देव जाणे. आम्ही बाकीच्यांनी मिळून तिला घेतले. दोघा कॉलेजच्या पोरांनी पैसे नाहीत म्हणून कोणातरी मित्राला मोटारसायकल घेऊन बोलावले. तिघे एका गाडीवर, पावसात, हेल्मेट नाही. या राज्यात वर्षाला अडीचशेच्या वर माणसे रस्त्यावर मरतात, त्यांतली बरीचशी दुचाकीवरची. त्याचा खर्च लेखक कोणाच्या खात्यावर मांडतात, तेवढे त्यांनी सांगावे.

आता ‘प्रवासीच नसतात’ या आवडत्या मुद्द्याबद्दल. आमच्या कित्येक खासगी बसगाड्यांत तिकीटच देत नाहीत. पैसे घेतात, बोटांच्या बेचक्यात नोटा अडकवतात आणि ‘फुडें वच’ म्हणतात. ज्याला तिकीट नाही तो प्रवासी कागदावर चढलाच नाही. मग प्रवासी नाहीत हे लेखकांना कोणत्या कागदावरून कळले? मागितले तर कंडक्टर असा बघतो, जणू त्याची जमीनच मागितली. (वाहतूक खात्याला हे दिसत नाही, असे मी तरी मानत नाही.)

त्या रात्रीनंतर मुलीने कर्ज काढून स्कूटर घेतली. मी नको म्हणत होतो. आता ती घरी येईपर्यंत तिची आई दार-अंगण करत असते. पण हिशेब बघा. स्कूटरवर जीएसटी भरला, त्यात केंद्राचा वाटा. रोज पेट्रोल घालते, त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क. म्हणजे बस बंद पडली की दिल्लीची मिळकत वाढते! गोव्यात माणसांइतकीच वाहने झाली आहेत, ती काही सगळी हौसेने घेतलेली नाहीत. त्या मिळकतीतले चार पैसे बसकडे परत वळवा, एवढेच मागणे आहे. याला भीक म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

लेखकांचे एक म्हणणे मात्र मला पटते. नुसत्या बसगाड्या घेऊन दिल्या की फीत कापली जाते, फोटो येतो आणि पुढे ड्रायव्हरचा पगार कोणी द्यायचा हे ठरत नाही. म्हणूनच मदत गाडी किती किलोमीटर धावली त्यावर हवी, आणि रात्री आठनंतरच्या फेरीला जास्त हवी. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ‘पीएम ई-बस सेवा’ या विजेवरच्या शहर बसगाड्यांच्या योजनेत बस चालवण्यासाठी दहा वर्षे साहाय्य आहेच: दहा हजार बसगाड्या, केंद्राचे वीस हजार कोटी. पण निकष २०११ च्या जनगणनेनुसार तीन लाख वस्तीच्या शहराचा, सूट दिली ती डोंगरी आणि ईशान्येकडच्या राज्यांच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या राजधान्यांना. पणजी महापालिकेची त्या जनगणनेतली वस्ती चाळीस हजार! त्याच जनगणनेत गोव्याची ६२ टक्के माणसे शहरी ठरली आहेत. आमचे शहर उत्तरेच्या पेडण्यापासून दक्षिणेच्या काणकोणपर्यंत विस्कटून पसरले आहे, त्याला एक नाव नाही एवढेच. पणजीला उद्या सवलतीने काही मिळाले तरी फोंड्याहून आत जाणाऱ्या फेरीला त्यातले काय येणार? संपूर्ण राज्य एक शहर धरून मोजा, ही मागणी आमच्या खासदारांनी संसदेत लावून धरायला हवी. राज्य सरकारनेही खासगी बसगाड्या कदंब महामंडळाशी जोडून घेणाऱ्या आपल्या ‘म्हजी बस’ योजनेत येणाऱ्या मालकाला आधी शेवटची फेरी मारायची अट घालावी आणि फेरी चुकवली तर त्या दिवसाचे पैसे कापावेत.

जाता जाता आणखी एक. आपला अंक आमच्याकडे हल्ली सकाळी साडेनऊच्या पुढे येतो. एजंटाला विचारले तर गठ्ठे फोंड्यातच पडून होते म्हणतो. याबद्दल दोनदा फोन केला, उत्तर नाही. वितरण विभागाकडे चौकशी करून कळवावे ही विनंती.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सावईवेरे, फोंडा