समुपदेशन कक्षाबाहेरची वही उचला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. गंगापूर रोड परिसरातल्या एका महाविद्यालयात एमएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे समुपदेशन कक्ष आहे, हे आधीच सांगतो. नंतर कोणी खुलासा पाठवायला नको. हा कक्ष फी भरायच्या खिडकीला लागून आहे. दाराबाहेर स्टुलावर एक वही आणि तिला सुतळीने बांधलेला पेन. रकाने असे: नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, मोबाइल, भेटीचे कारण. गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मी त्या वहीसमोर उभा राहिलो, तेव्हा पाठीमागे परीक्षा फॉर्मवाल्यांची रांग होती. पानाच्या सुरुवातीला कोणीतरी कारण लिहिले होते 'अभ्यास'. त्याखाली पान संपेपर्यंत नुसत्या दोन-दोन रेघा, म्हणजे वरीलप्रमाणे. मीही दोन रेघा मारल्या.

अभ्यासाचा तसा प्रश्नच नव्हता. झोप उडाली होती. टायट्रेशनचे रीडिंग ब्युरेटवरून वहीत उतरवेपर्यंत डोक्यातून जायचे. मेसचा डबा भरलेलाच परत जायचा. हे हेरले माझ्या रूम पार्टनरने. आम्ही कॉट बेसिसवर राहतो. तो सुरगाण्याचा, मोजकेच बोलणारा. "जेवण आवडत नाही, का तुला बरं नाही, एवढंच सांग," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे लेक्चर बुडवून माझ्याबरोबर आला. तो नसता तर मी त्या वहीवरूनच मागे फिरलो असतो.

आत बसलेल्या मॅडम खरेच चांगल्या होत्या. पण त्या येणार आठवड्यातून दोनदा, अकरा ते एक, नेमक्या आमच्या प्रॅक्टिकलच्या वेळेत. त्यांनी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला सांगितले. सरकारी रुग्णालयात केसपेपर काढला, निदान नैराश्याचे झाले, गोळ्या सुरू झाल्या. गुण दिसायला काही आठवडे लागतील आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा बजावले. घरी सांगायला मी द्राक्षबागेची गोडी छाटणी उरकेपर्यंत थांबलो. अण्णांनी ऐकून घेतले, म्हणाले, "किती महिन्यांचा कोर्स सांगितलाय? मधी सोडू नको." आणि मजुरांचा चहा घेऊन बागेत गेले.

म्हणजे ज्यांची भीती होती ते अडले नाहीत. अडली ती खिडकी. हजेरी कमी भरली म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र दिले, तर कारकुनाने शिक्का मोठ्याने वाचला, "मनोविकार विभाग?" संध्याकाळपर्यंत वर्गातल्या दोघांचे 'काही लागलं तर सांग' असे मेसेज आले. हेतू चांगलाच असणार. पण त्यांना कळावे की नाही, हे मला ठरवायचे होते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. रुग्णालयात माझा कागद कोणी ओरडून वाचला नाही. तोच महाविद्यालयात आला की जाहीर वाचन! सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितले. वर्गांत, वसतिगृहांत हेल्पलाइन क्रमांक ठळक लावायलाही सांगितले. आमच्याकडे समुपदेशक नेमून झाला, क्रमांकही लागला: सूचना फलकाच्या काचेआड, एनएसएस शिबिराच्या यादीखाली अर्धा झाकलेला. आरोग्य विज्ञान आणि मुक्त अशा दोन विद्यापीठांची मुख्यालये ज्या नाशिकात आहेत, तिथली ही तऱ्हा.

तो क्रमांक इथे पूर्ण देतो: 14416. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, ऑक्टोबर 2022 पासून चालू, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. मी एकदा रात्री लावला होता. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतले. हजेरी क्रमांक काही विचारला नाही.

प्राचार्य मंडळींना यासाठी निधी लागणार नाही. दाराबाहेरची वही उचला. किती जण आले याचा आकडाच हवा असेल तर मॅडम आत मोजतील. कक्षाची एक तरी वेळ चारनंतरची ठेवा. तो फीच्या खिडकीपासून हलवून ग्रंथालयाच्या मागच्या रिकाम्या खोलीत नेला तर उत्तमच, तिथे कोण कुठे चालले आहे हे कोणी बघत नाही. आणि प्रमाणपत्र बंद पाकिटात एकाच प्राध्यापकाकडे द्यायची सोय करा. पुढच्या सत्राचे वेळापत्रक लागण्याआधी एवढे व्हावे.

माझे नाव छापू नये, ही विनंती. कारण वर आलेच आहे.

आपला,
एक विद्यार्थी, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)