आमच्या ऑपरेटर काकांना

काका,
साष्टांग नमस्कार.

गिरगावातल्या त्या सभागृहात आमच्या व्हिडिओंच्या प्रदर्शनासाठी आम्ही खिडक्यांना काळं प्लास्टिक चिकटवत होतो आणि ते सारखं सुटून खाली येत होतं. तुम्ही दारात थांबून विचारलंत, "पिक्चर लावताय का?" व्हिडिओ आर्ट म्हणजे चित्रांसारखे मांडलेले, पुन्हा पुन्हा चालणारे व्हिडिओ, असं मी घाईघाईत सांगितलं. "म्हणजे अंधार लागणारच," असं म्हणून तुम्ही चपला काढून आत आलात. उभी हयात तुम्ही थिएटरच्या केबिनमध्ये प्रोजेक्टरचं मशीन चालवण्यात घालवली, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

तुम्ही आधी सगळे दिवे घालवले आणि आम्हाला दहा मिनिटं नुसतं उभं केलंत. डोळे अंधाराला सरावले, तशी एकेक फट दिसायला लागली. प्रत्येक फटीवर खडूची खूण केलीत. पांढऱ्या भिंतींचा दोषही तुम्हीच ओळखलात. एका पडद्याचा उजेड भिंतीवर आपटून शेजारचं चित्र फिकं करत होता. मग काळं मांजरपाट आलं. पाच व्हिडिओंचे आवाज एकमेकांत मिसळून शहाबादी फरशीवर घुमत होते, तर तुम्ही चाळीत घरोघरी फिरून गोधड्या मागून आणल्यात. त्या देणाऱ्या काकूंचेही आभार.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती निळ्या पडद्याची गोष्ट. व्हिडिओ संपून पुन्हा सुरू होताना दोन-तीन सेकंद निळा पडदा यायचा. आम्हाला ते चालण्यासारखं वाटत होतं, तुम्हाला नाही. तुम्ही सांगितलंत, फिल्मचं दोन हजार फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपतं. संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा, आणि ऑपरेटरने त्या क्षणी पुढच्या रिळाचं दुसरं मशीन सुरू करायचं. प्रेक्षकाला सांधा कळता कामा नये. ते ऐकून आम्ही रात्री बसून प्रत्येक व्हिडिओच्या दहा प्रती एकाला एक जोडून एकच लांब फाइल केली. सात मिनिटांचं काम सत्तर मिनिटं न तुटता चालू लागलं.

याच मुंबईत १९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या पैशांतून व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. चित्रकार आणि फिल्मवाले तिथे एकत्र काम करत. आमच्याच जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या तरुण चित्रकार नलिनी मलानींनीही तिथेच फिल्मचे पहिले प्रयोग केले. हे सगळं आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. चित्रकाराला फिल्मवाल्याचा शेजार कशासाठी हवा असतो, ते मात्र तुमच्यामुळे समजलं.

शेवटच्या दिवशी माझ्या व्हिडिओसमोर तुम्ही स्टूल ओढून बसलात. आई पहाटे मासळी घेऊन लोकलने येते, तेवढंच त्यात आहे. लोक मधूनच येत, थोडं बघून पुढे जात. या प्रकारात तसंच चालतं, तेही मी तुम्हाला सांगितलं होतं. तरी तुम्ही सुरुवात येईपर्यंत थांबलात आणि मग पूर्ण तीनदा पाहिलात. उठताना एवढंच विचारलंत, "आईला दाखवलास का?"

तोवर दाखवला नव्हता, काका. त्याच संध्याकाळी तिला घेऊन आले. तुमच्याच स्टुलावर बसवलं.

तुमचा टॉर्च माझ्याकडे राहिलाय. रविवारी आणून देते, आईलाही बरोबर आणते.

तुमची,
जे. जे.ची, कोळीवाड्यातली