आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: खाटा मोजल्या, सिस्टर मोजायच्या राहिल्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

साथीच्या तयारीचा आराखडा म्हटलं की खाटा, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन यांचे रकाने व्यवस्थित भरलेले असतात. आयसीयूत काम करणारी परिचारिका म्हणून मी विचारते, एका सिस्टरच्या वाट्याला किती रुग्ण, हा रकाना कुठे आहे?

कोविडच्या काळात कुणी आम्हाला देवदूत म्हणालं, तर कुणी ‘सिस्टर फिरकल्याच नाहीत’ म्हणून चिडलं. दोघांचीही समजूत एकच, की मायेनं वागणं हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न. पण मायेला वेळ लागतो हो.

फुफ्फुसांना ऑक्सिजन नीट मिळावा म्हणून व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करतात, त्याला चार-पाच जण लागतात. एकानं डोक्याशी उभं राहून श्वासनळीतली ट्यूब धरायची, त्याच्या इशाऱ्यावर बाकीच्यांनी वळवायचं. सलाईन, कॅथेटर, मॉनिटरच्या वायरी, काही ओढलं जाता कामा नये. मग बारा-सोळा तास रुग्ण तसाच. त्या वेळात गाल-कान दाबले जातायत का बघायचं, मान वळवायची, डोळ्यांत मलम घालायचं, तोंड पुसायचं. यातलं काहीच रोजच्या आकडेवारीत येत नाही. शुद्धीवर असलेल्यांचं आणखी वेगळं. अंगभर घातलेल्या पीपीई किटमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात म्हणून आम्ही छातीवर मार्करनं नावं लिहायचो. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना मास्कमुळे ओठही दिसायचे नाहीत, मग कागदावर ठळक अक्षरांत लिहून दाखवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला फोन धरून घरच्यांशी बोलणं करून द्यायचं, आणि तेवढ्यात पलीकडच्या खाटेचा अलार्म वाजायचा.

माणसं कमी पडली की इंजेक्शन सहसा चुकत नाही, कारण त्याची नोंद होते. आधी सुटतं ते बोलणं, धीर देणं, कूस बदलणं. आणि हा नुसता जिव्हाळ्याचा मुद्दा नाही. युरोपातल्या नऊ देशांतल्या रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्यांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०२० हे जागतिक आरोग्य संघटनेनं परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं (योगायोग बघा!). त्याच वर्षीच्या तिच्या अहवालात जगभरात ५९ लाख परिचारिकांची तूट नोंदवली आहे, आणि ती कोविडच्या आधीची.

कॅलिफोर्नियात आयसीयूतल्या एका परिचारिकेकडे दोनपेक्षा जास्त रुग्ण देऊ नयेत असा कायदा आहे. साथीत तिथेही काही रुग्णालयांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे गरज सर्वांत मोठी, तेव्हाच नियम सैल. आपल्या आराखड्यात हे प्रमाण साथीसाठीच बांधून घ्या. वॉर्डातल्या परिचारिकांना आयसीयूचं प्रशिक्षण आत्ताच द्या, लाट आल्यावर नको. लाटेपुरत्या कंत्राटावर घेतलेल्यांना लाट ओसरताच घरी पाठवलं, तर त्यांचा अनुभवही त्यांच्याबरोबर जातो. तो पुढच्या वेळी कुठून आणणार? किट घातल्यावर पाणी पिता येत नाही, लघवीला जाता येत नाही, तेव्हा सलग किती तास ड्युटी हेही लिहून ठेवा. घरच्यांना रोज फोन करून देण्यासाठी वेगळा माणूस नेमा. हे त्यातल्या त्यात स्वस्त काम आहे.

आराखडा ठरवणाऱ्या समितीत प्रत्यक्ष वॉर्डात काम करणाऱ्या किती परिचारिका आहेत, याचं उत्तर आपण जाहीरपणे द्यावं, ही विनंती.

आपली,
एक परिचारिका