रेग्युलेटरीत जायचं म्हणतेस, तर

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

"एम. फार्म. करून शेवटी फाइलीच लावायच्या का?" असं तू रेग्युलेटरीबद्दल, म्हणजे औषधांना सरकारी मंजुरी मिळवण्याच्या कामाबद्दल, विचारलंस. फोनवर उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहिते आहे.

फाइली लावाव्या लागतात, ते खोटं नाही. पण डोसिअर, म्हणजे मंजुरीसाठी सरकारला द्यायचा कागदपत्रांचा संच, हा कंपनीने सरकारला दिलेला शब्द असतो. हे औषध आम्ही या जागी, या मालापासून, या पद्धतीने बनवू आणि या कसोट्यांना उतरलं तरच विकू, असा तो शब्द. प्लांट रोज थोडा थोडा बदलत असतो. गाळणी बदलते, पुरवठादार बदलतो, एखादं यंत्र जुनं होतं. कागदावरचं औषध आणि ब्लिस्टरमधलं औषध एकच राहील हे बघणं, हे रेग्युलेटरी मॅनेजरचं काम.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आज अमेरिकी फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या मानकांच्या ग्रंथात, ग्लिसरीनच्या ओळख-चाचणीतच या विषाची ०.१० टक्क्याची मर्यादा आहे. एक्सिपियंटच्या (औषधातल्या पूरक घटकाच्या) स्पेकमधली, म्हणजे कसोट्यांच्या यादीतली, ती ओळ जुन्या फाइलीतून कॉपी-पेस्ट करताना ती तिथे का आहे हे तुला ठाऊक असलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष काम. डोसिअरचा साचा, सीटीडी, पाच मॉड्यूलचा असतो. पहिलं मॉड्यूल त्या त्या देशाचं: अर्ज, लेबल, पत्रं. दुसऱ्यात सारांश, तिसऱ्यात गुणवत्ता, चौथ्यात प्राण्यांवरचे अभ्यास, पाचव्यात माणसांवरचे. आपल्याकडे बहुतेक काम जेनेरिकचं, त्यामुळे चौथं जवळजवळ रिकामं असतं आणि पाचव्यात मुख्यतः बायोइक्विव्हॅलन्स, म्हणजे आपलं औषध शरीरात मूळ औषधासारखंच शोषलं जातं याचा पुरावा, असतं. घाम गळतो तो तिसऱ्यात. त्यात ३.२.एस हा एपीआयचा, म्हणजे मूळ औषधी द्रव्याचा, भाग आणि ३.२.पी हा तयार औषधाचा. पहिल्या वर्षी एखाद्या मंजूर झालेल्या गोळीचं ३.२.पी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाच, शेजारी तिचा बॅच रेकॉर्ड, म्हणजे प्रत्यक्ष उत्पादनाची नोंद, उघडा ठेवून. कुठल्याही डिप्लोमापेक्षा त्यातून जास्त कळेल.

अमेरिकेच्या एएनडीए, म्हणजे जेनेरिकच्या मंजुरीच्या, अर्जाचं उदाहरण घे. एक्झिबिट बॅच, म्हणजे अर्जात पुरावा म्हणून दाखवायच्या बॅच, तीन लागतात. गोळ्या-कॅप्सूलच्या बाबतीत त्यांतल्या किमान दोन पायलट मापाच्या हव्यात, म्हणजे व्यापारी बॅचच्या एक दशांश किंवा १ लाख गोळ्या, यांतलं जे जास्त असेल ते. तिन्ही बॅच मिळून एपीआयचे किमान दोन वेगळे लॉट वापरलेले असावे लागतात. हे नेमकं विसरलं जातं, कारण डेव्हलपमेंटवाल्यांकडे एकच लॉट शिल्लक असतो आणि त्यांना घाई असते. स्टॅबिलिटीसाठी, म्हणजे औषध किती टिकतं ते बघायला, नमुने ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत, तसंच २५ अंश आणि ६० टक्क्यांत ठेवायचे. सहा महिन्यांचा डेटा हातात आल्याशिवाय फायलिंग नाही. ३० अंश-६५ टक्क्यांच्या चेंबरमध्येही नमुने पहिल्याच दिवशी ठेवायला लाव. ४० अंशांवर अ‍ॅसे (गोळीतल्या औषधाचं मोजलेलं प्रमाण) पाच टक्क्यांहून जास्त घसरला किंवा डिसोल्यूशन (विरघळण्याची चाचणी) नापास झालं, की हा मधला डेटा मागतात. तेव्हा नमुने ठेवायला घेतलेस तर सहा महिने तिथेच गेले. भारतासाठी दीर्घकालीन अट ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता, ब्राझीलसाठी ३० आणि ७५. म्हणून कुठल्या कुठल्या देशांत जायचं आहे हे बॅच घेण्याआधी विचारायचं.

अशुद्धीची मर्यादा काढताना नवी मुलं हमखास चुकतात. समज, गोळी ५०० मिलिग्रॅमची आहे. आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या क्यू३बी तक्त्यात दिवसाला १०० मिलिग्रॅमपासून २ ग्रॅमपर्यंतच्या डोससाठी क्वालिफिकेशनची (जिच्यापुढे अशुद्धी सुरक्षित असल्याचं दाखवावं लागतं ती) मर्यादा ०.२ टक्के किंवा दिवसाला एकूण ३ मिलिग्रॅम, यांतलं जे कमी ते. एका गोळीवर हिशेब केला तर ०.२ टक्के म्हणजे १ मिलिग्रॅम, सगळं ठीक वाटतं. पण लेबलवर दिवसाला चार गोळ्या घ्यायची मुभा असेल तर डोस २ ग्रॅम, त्याचे ०.२ टक्के म्हणजे ४ मिलिग्रॅम. मग ३ मिलिग्रॅमची अट लागू होते आणि मर्यादा ०.१५ टक्क्यांवर येते. हिशेब नेहमी जास्तीत जास्त दैनंदिन डोसवर करायचा, गोळीच्या ताकदीवर नाही. ही चूक अर्ज गेल्यावर लक्षात आली तर स्पेक आवळावं लागतं, आणि आवळलेल्या स्पेकमध्ये जुन्या बॅच बसतीलच असं नाही.

पब्लिशिंगबद्दल, म्हणजे डोसिअर संगणकावर बांधून पाठवण्याबद्दल, फार लिहीत नाही. ईसीटीडीमध्ये, म्हणजे सीटीडीच्या इलेक्ट्रॉनिक रूपात, प्रत्येक दस्तऐवज नवा आहे, की जुन्याच्या जागी आलाय, की काढून टाकलाय, हे सांगावं लागतं. बुकमार्क आणि लिंक तपासाव्या लागतात. व्हॅलिडेटर सॉफ्टवेअर या सगळ्या चुका पकडतं. आशयातली विसंगती त्याला दिसत नाही, ती तुला दिसली पाहिजे. अर्जातला प्लांटचा पत्ता आणि डीएमएफमधला (एपीआय बनवणाऱ्याने दिलेल्या फाइलीतला) पत्ता वेगळा. मास्टर रेकॉर्डमध्ये ब्लेंडिंग १५ मिनिटं आणि प्रत्यक्ष बॅचमध्ये २०. रिलीज स्पेकची आवृत्ती ०३, स्टॅबिलिटीच्या तक्त्यावर ०२. लेबलवर "२५ अंशांखाली ठेवा" आणि निष्कर्षात ३० अंश. यातली कुठलीही एक गोष्ट रिव्ह्यूअरला सापडली, की तो पुढची ३० पानं संशयाने वाचतो. म्हणून शेवटचं वाचन कागदावर, पेन्सिल घेऊन, आणि ज्याने लिहिलं नाही त्याच्याकडून.

अर्ज गेला की क्वेरी येतात. एएनडीएच्या साध्या अर्जाला अमेरिकेत दहा महिन्यांचं उद्दिष्ट आहे. मधल्या प्रश्नांना मुदत थोडी असते. कंप्लीट रिस्पॉन्स लेटर, म्हणजे अजून मंजुरी देता येत नाही असं सांगणारं त्रुटींचं पत्र, आलं तर उत्तराला एक वर्ष. पत्र आलं की आधी त्याचे तुकडे कर. एका परिच्छेदात तीन प्रश्न दडलेले असतात आणि आपले लोक दोनांचं उत्तर देऊन मोकळे होतात. प्रत्येक तुकड्यापुढे माणूस आणि तारीख लिही. उत्तर लिहिताना त्यांचा प्रश्न शब्दशः वर, पहिल्या वाक्यात सरळ उत्तर, मग पुरावा, मग तो डोसिअरमध्ये कुठे आहे ते. न विचारलेलं सांगायला जाऊ नकोस. आणि "पुढच्या तीन बॅचवर ही चाचणी करू" असं वचन प्लांट हेडला विचारल्याशिवाय कधीच देऊ नकोस. अशा वचनांची वही ठेवायची असते. ज्या कंपनीत ती वही नाही तिथे दोन वर्षांनी इन्स्पेक्टर येऊन तीच आठवण करून देतो.

मंजुरी मिळाली की काम संपलं असं बाहेरच्यांना वाटतं. खरी करमणूक तिथून पुढे. प्लांटमधून चेंज कंट्रोल, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, येतं आणि प्रत्येक देशासाठी तुला त्याची प्रतवारी करावी लागते. अमेरिकेत चार पायऱ्या: वार्षिक अहवालात कळवायचं, कळवून लगेच माल पाठवायचा, कळवून ३० दिवस थांबायचं, किंवा मंजुरी येईपर्यंत हलायचंच नाही. लगेच विरघळणाऱ्या गोळ्यांची बॅच बायोबॅचच्या (बायोइक्विव्हॅलन्सला वापरलेल्या बॅचच्या) दहा पटींपर्यंत वाढवली तर वार्षिक अहवाल पुरतो, त्यापुढे गेलं की पायरी चढते. युरोपात टाइप आयए, आयबी आणि टू. आयए म्हणजे आधी करा मग सांगा, टू म्हणजे आधी विचारा.

यातली खरी गोम प्रतवारीत नाही, तारखांत आहे. तोच बदल अमेरिकेत आज चालतो, युरोपात दोन महिन्यांनी, आणि इतर काही देशांत वर्षभराने. तोवर प्लांटला जुनी आणि नवी अशी दोन्ही पद्धत चालू ठेवावी लागते, आणि कुठली बॅच कुठल्या देशाला गेली याचा हिशेब चोख लागतो. नव्या फिल्ममध्ये पॅक केलेला माल चुकून मंजुरी न आलेल्या देशात गेला तर औषध उत्तम असूनही तो रिकॉल होतो. म्हणून देश आणि बदल यांचा एक मोठा तक्ता ठेवायचा आणि डिस्पॅचवाल्यांना तो समजेल अशा भाषेत द्यायचा. "सबमिटेड" आणि "अप्रूव्ड" हे दोन रकाने वेगळे ठेव. एकाच रकान्यात दोन्ही लिहिले की गोंधळ ठरलेलाच.

भारतातल्या अर्जांची रीत निराळी. कायदा १९४० चा, नव्या औषधांचे नियम २०१९ चे. नवं औषध चार वर्षं नवंच मानलं जातं. चाचणीसाठी बनवायचं तर सीटी-१०, बाजारासाठी बनवायचं तर सीटी-२१; हे अर्ज दिल्लीला, केंद्रीय औषध नियंत्रकाकडे, सुगम पोर्टलवरून. उत्पादनाचा परवाना मात्र राज्याचा, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए). दिल्लीची मंजुरी हातात आली आणि राज्याच्या परवान्यात ते उत्पादन चढवायचं राहिलं, तर लाँच अडतं.

नोकरी निवडताना नाव बघू नकोस, टेबल बघ. नुसत्या पब्लिशिंगच्या टेबलावर तीन वर्षं गेली तर बोटं चालतील, विषय कळणार नाही. सीएमसीचं, म्हणजे तिसऱ्या मॉड्यूलचं, टेबल माग. प्लांटपासून तुटलेलं ऑफिस असेल तर महिन्यातून दोन दिवस वाळूजला किंवा वेर्ण्याला, जिथे त्यांचा प्लांट असेल तिथे, पाठवतात का ते विचार. कॉम्प्रेशन मशीन चालताना पाहिलं नसेल तर ३.२.पी.३, म्हणजे उत्पादनाचा भाग, लिहिणं म्हणजे न चाखता पाककृती लिहिणं. मुलाखतीत आणखी एक विचार: क्यूए (गुणवत्ता विभाग) आणि प्रॉडक्शनने मान्य केलेल्या बदलाला रेग्युलेटरीने "नाही" म्हटलं तर काय होतं? उत्तर देण्याआधी ते एकमेकांकडे बघतात का, तेवढं बघ.

इंग्रजी सुधार, पण सुंदर नको, सरळ हवं. एका वाक्यात एकच दावा.

दिवाळीला येशील तेव्हा तुझ्या प्रोजेक्टचा स्टॅबिलिटीचा तक्ता कच्च्या आकड्यांसकट घेऊन ये. त्याचं ३.२.पी.८, म्हणजे स्टॅबिलिटीचा भाग, आपण लिहून बघू. एक दुपार पुरेल.

तुझी,
आई