एक किल्ली चालू आहे तोवरच दुसरी करून घ्या

संपादक महोदय,

पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीची किल्ली हरवली किंवा मोडली, की मालकाला बहुधा एकच उपाय सांगितला जातो : कंपनीची नवी किल्ली, जोडीला नवे कुलूप आणि प्रसंगी नवा कंट्रोलर, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक नियंत्रणपेटी. जुन्या गाडीच्या किमतीपुढे हा खर्च अवाच्या सवा ठरतो. त्यातला मोठा भाग पुष्कळदा टाळता येतो; मात्र नेमके काय बिघडले आहे हे कळले पाहिजे आणि निदान एक किल्ली अजून चालती हवी.

चिपच्या किल्लीत तीन स्वतंत्र गोष्टी असतात. धातूचे पाते कुलूप फिरवते. डोक्यातली चिप इंजिनाला परवानगी देते. रिमोट फक्त दारे उघडतो आणि लावतो. चिपला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचे कडे असते, ते साधारण १२५ किलोहर्ट्झचे क्षेत्र तयार करते; त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते. ती जुळली नाही तर इंधन किंवा ठिणगी तोडली जाते. म्हणून रिमोटचा सेल संपला तरी अशी गाडी सुरू व्हायला हवी. उलट रिमोट ठणठणीत आहे, स्टार्टर फिरतो, इंजिन क्षणभर पेटून बंद पडते आणि डॅशबोर्डवरचा किल्लीचा दिवा लुकलुकतो, तर संशय चिपवर किंवा त्या कड्यावर घ्यावा. दुसरी किल्ली लावून गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चिपचा. दोन्ही किल्ल्या अधूनमधून दगा देत असतील तर आधी कडे आणि त्याचा प्लग तपासावा. एकाच रिंगमध्ये दोन गाड्यांच्या चिप असतील तर त्याही एकमेकींच्या आड येतात, हे विसरू नये.

नुसते प्लास्टिक फुटले असेल तर नवी किल्ली लागतच नाही. त्याच आकाराचे रिकामे कव्हर मिळते. जुने पाते, रिमोटची सर्किटची पट्टी आणि चिप त्यात बसवायची, एवढेच काम. इथे वारंवार होणारी चूक म्हणजे चिप जुन्या कव्हरातच राहते आणि ते कव्हर कचऱ्यात जाते. मग दारे उघडतात, गाडी मात्र सुरू होत नाही. काही किल्ल्यांत चिप रिमोटच्या पट्टीवरच असते. इतर किल्ल्यांत ती साधारण १२ मिलिमीटर लांबीची काळी वडी किंवा काचेची बारीक नळी असते, बाजूच्या खाचेत घट्ट बसवलेली. काचेची नळी पकडीने ओढली की फुटते. भोवतीचे प्लास्टिक कापून ती मोकळी करावी. नव्या कव्हरात ती मूळ जागीच ठेवावी, कारण कड्यापासून जरा दूर गेली तरी वाचन अनिश्चित होते. गाडी सुरू होऊन चार-पाच वेळा खात्री पटेपर्यंत जुने कव्हर टाकू नये.

पात्याबाबतही घाई नको. झिजलेल्या किल्लीवरून किल्ली कापली तर झीजही नक्कल होते आणि नवी किल्ली पहिल्या दिवसापासून अडकते. मूळ किल्ल्यांबरोबर बहुधा एक लहान धातूचा किंवा प्लास्टिकचा बिल्ला येतो, त्यावर किल्लीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून कापलेले पाते कारखान्यातल्या मापाचे निघते. बिल्ला नसेल तर सर्वांत कमी वापरलेली किल्ली नमुना म्हणून द्यावी. कापलेले पाते आधी दारात, मग इग्निशनमध्ये फिरवून पाहावे आणि चिपचे काम त्यानंतरच सुरू करावे.

आता चिप. ती मिळवण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक ग्राहकाला क्वचितच सांगितला जातो. पहिला मार्ग क्लोनिंगचा : चालू चिपची ओळख विशेष कोऱ्या चिपवर उतरवतात. गाडीला ती जुनीच किल्ली वाटते, म्हणून गाडीच्या स्मृतीला हात लावावा लागत नाही आणि पिनही (गाडीचा गुप्त क्रमांक) लागत नाही. चिपच्या जाती आयडी क्रमांकाने ओळखतात. आयडी ११, १२, १३, ३३ किंवा ४सी या जुन्या चिप ठरलेला एकच आकडा सांगतात. त्यांची नक्कल काही क्षणांत होते. आयडी ४६, ४८ आणि ४डी या चिप गाडीने विचारलेल्या आकड्याला गुप्त सूत्राने उत्तर देतात. त्यांच्यासाठी त्या-त्या जातीची क्लोन चिप लागते. ४६ किंवा ४८ असेल तर कित्येकदा उपकरण इग्निशनजवळ धरून गाडी आणि किल्ली यांचा संवादही टिपावा लागतो. बीएमडब्ल्यूच्या ईडब्ल्यूएस नावाच्या जुन्या चोरीरोधक पद्धतीत मात्र किल्लीतला आकडा वेळोवेळी बदलला जातो, त्यामुळे साधी नक्कल तिथे टिकत नाही. क्लोनची आणखी एक मर्यादा आहे. मूळ आणि नक्कल यांत गाडी भेद करत नाही. एक चोरीला गेली तर तेवढीच रद्द करता येत नाही.

दुसरा मार्ग नोंदणीचा. नवी चिप गाडीच्या स्मृतीत स्वतंत्र किल्ली म्हणून घालतात. फोर्डच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हे मालकालाच करता येते : आधी नोंदलेल्या दोन किल्ल्या एकामागून एक ठरलेल्या सेकंदांत फिरवायच्या आणि लगेच तिसरी. एकच किल्ली उरली असेल तर ही सोय बंद होते, म्हणून तिसरी किल्ली दोन असतानाच करावी. जनरल मोटर्सच्या काही जुन्या गाड्यांत किल्ली नसतानाही सुमारे दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्यांत नोंदणी होते, पण जुन्या सगळ्या किल्ल्या त्यात पुसल्या जातात. टोयोटाच्या जुन्या मॉडेलांत काळ्या डोक्याची मास्टर किल्ली नवी नोंद करू शकते, करड्या डोक्याची करू शकत नाही. फियाटच्या १९९० च्या दशकातल्या गाड्यांची लाल किल्ली याच कामाची. ती रोज वापरू नये, घरी जपून ठेवावी.

फोक्सवॅगन गटाच्या अनेक गाड्यांत स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचे उपकरण) आणि पिन दोन्ही लागतात. तिथे नोंदणीच्या वेळी सर्व किल्ल्या हजर हव्यात, कारण त्या वेळी न दाखवलेली किल्ली बाद होते. दुसऱ्या गाडीची वापरलेली किल्ली स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये : ४६ आणि ४८ जातीच्या चिप एकदा एका गाडीला बांधल्या गेल्या की सहसा दुसऱ्या गाडीत चालत नाहीत. कामाच्या वेळी बॅटरी पूर्ण भरलेली असावी, शक्य तर चार्जर जोडलेला असावा. लिहिणे चालू असताना व्होल्टेज कोसळले तर कंट्रोलरची स्मृती बिघडते आणि किल्लीचा खर्च कंट्रोलरपर्यंत जातो.

सगळ्याच किल्ल्या गेल्या तरी नवा कंट्रोलर हा शेवटचा उपाय आहे. जाणकार कारागीर इमोबिलायझरच्या (चिप ओळखून इंजिनाला परवानगी देणाऱ्या यंत्रणेच्या) पेटीतली लहान ईईप्रॉम, म्हणजे माहिती साठवणारी चिप, वाचून तिच्यातून पिन काढतो किंवा नव्या किल्लीची नोंद थेट तिच्यात लिहितो. त्याने आधी दोनदा वाचून दोन्ही प्रती जुळतात का हे पाहावे आणि मूळ प्रत जपून ठेवावी. ती प्रत नसेल आणि लिहिताना चूक झाली, तर मागे फिरायला वाट उरत नाही. जुनी चिप स्टिअरिंगखाली कड्याला चिकटवून साध्या किल्लीने गाडी चालवण्याचा सल्लाही दिला जातो. तो मानू नये. गाडी त्या क्षणापासून इमोबिलायझरविना फिरते. दार उघडण्यापुरते चिपविना पाते पाकिटात ठेवायला मात्र हरकत नाही; किल्ली आत राहून दार लागले तर तेवढ्यावर काम भागते.

वाचकांनी आपल्या किल्लीचा क्रमांक, पिन, चिपची जात आणि नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या कागदावर लिहून गाडीबाहेर ठेवावी. वापरलेली गाडी घेताना ही चारही माहिती विक्रेत्याकडे मागावी आणि मिळालेली प्रत्येक किल्ली लावून इंजिन सुरू करून पाहावे. नुसते दार उघडून समाधान मानू नये. उत्पादकांकडेही एक मागणी आहे. मालकी सिद्ध करणाऱ्या माणसाला पिन आणि किल्लीचा क्रमांक, मॉडेल बंद होऊन कितीही वर्षे झाली तरी, लेखी आणि रास्त शुल्कात मिळाला पाहिजे. ही माहिती कंपनीच्या नोंदींत असते. ती देण्यासाठी आधी नवे कुलूप विकत घ्यायला लावणे बंद व्हावे.

आपला,
मोटारींच्या कुलूप-किल्ल्यांचे काम जाणणारा एक वाचक