घरपट्टीचा नकाशा बंबातही द्या

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

घरपट्टीसाठी झालेल्या जीआयएस (संगणकीय नकाशावर प्रत्येक मालमत्ता नोंदवण्याच्या) सर्वेक्षणात मी टॅब घेऊन दारोदार फिरलो आहे. घराला क्रमांक, ड्रोनने टिपलेला आकार, मजले किती, वापर राहण्याचा की धंद्याचा, गच्चीवर पत्रे टाकून खोली काढली आहे का, सगळं आम्ही नोंदवलं. माहिती बरीच चांगली जमली आहे. पण ती करविभागाबाहेर पडलेली मी पाहिली नाही. अग्निशमन केंद्रात वर्दी आली की अजून तेच सुरू होतं: ‘कुठे? कशाच्या मागे? कोपऱ्यावर कुणाला तरी उभं करा.’ थकबाकीची नोटीस मात्र बरोबर दारात येते.

यात जवानांचा दोष नाही. आपले पत्ते देवळामागे, जुन्या गिरणीसमोर असे चालतात आणि फोन करणारा घाबरलेला असतो. मोबाइलवरून ठिकाण मिळालं की काम झालं, असं वरच्या बैठकांत समजलं जात असेल, तर ते अर्धंच खरं आहे. युरोपात मार्च 2022 पासून नव्या स्मार्टफोनवरून 112 हा आपत्कालीन क्रमांक लावला की ठिकाण आपोआप कळवण्याची सोय सक्तीची आहे. आपल्याकडेही 112 आहे. पण आग दिसली की लोकांच्या तोंडी 101 येतो. शिवाय मोबाइल सांगतो तो फोन करणाऱ्याचा ठावठिकाणा. तो समोरच्या इमारतीच्या गॅलरीत उभा राहून बोलत असला तर? डाक विभागाचा डिजीपिन, म्हणजे जागेचा डिजिटल पत्ता, सुमारे चार बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो, पण मजला सांगत नाही. बारा मजली इमारतीत नेमका तोच हवा असतो.

म्हणून नकाशाला इमारत ओळखता आली पाहिजे. 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासात आग विझवताना इमारत कोसळली आणि मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह दलाचे चार अधिकारी आपण गमावले. नकाशा असता तर ते वाचले असते, असा दावा मी करणार नाही. पण इमारत किती जुनी, जिना लाकडी की सिमेंटचा, हे आत शिरण्याआधी कळणं जवानांचा हक्क आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत 2016 आणि 2024 मध्ये स्फोट झाले. अशा ठिकाणी गोदामात काय ठेवलंय हे आधी कळायला हवं, कारण सोडियमसारख्या पदार्थावर पाणी मारलं तर आग आणखी भडकते. तिथे एमआयडीसीचं दल वेगळं, पालिकेचं वेगळं. दोघांसमोर नकाशा तरी एकच असू दे.

2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत इमारतींनी ‘ब’ नमुन्यातला दाखला द्यायचा असतो. आग विझवण्याची यंत्रणा चालू आहे की बंद, हे त्यावरून कळतं. ती नोंद मालमत्ता क्रमांकाला जोडली, तर दाखला कुणी दिलाच नाही हेही नकाशावर दिसेल. (काहींना ते आवडणार नाही.)

बंबाचा रस्ता मोटारीच्या रस्त्याहून वेगळा असतो. गल्लीची रुंदी, खाली आलेल्या तारा, सोसायटीची कमान, शिडीची गाडी टेकवायला पक्की जागा, कोणता हायड्रंट (बंबात पाणी भरायचा नळ) कोरडा आणि जवळची पाण्याने भरलेली विहीर कुठे, हे जवानांना तोंडपाठ असतं. बदली झाली की ते त्यांच्याबरोबर जातं. ते त्यांच्याकडूनच भरून घ्या. खोदलेले रस्ते रोजच्या रोज त्यात यायला हवेत आणि मोबाइलला रेंज नसली तरी नकाशा उघडला पाहिजे. मालकाचं नाव, थकबाकी यांतलं काहीही त्यात नको.

कृपा करून यासाठी नवं ॲप काढून निविदा मागवू नका. उपग्रहचित्रांवरून नकाशे करणारं नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सरकारचंच आहे, सर्वेक्षणाचे पैसेही देऊन झाले आहेत. करविभागाने मालमत्तेचा नकाशा अग्निशमन विभागाला द्यावा आणि दर महिन्याला अद्ययावत करावा, एवढा शासन निर्णय काढा. सुरुवात एखाद्या लहान नगरपरिषदेपासून करा. तिथे बंब एक-दोनच असतात आणि रस्ता चुकला तर दुसरा बंब शेजारच्या तालुक्यातून यावा लागतो.

आपला,
घरोघर फिरलेला एक सर्वेक्षक